शिंकणारा रिसाला

पौषात आमच्या लष्कर वस्तीवर धुकं उतरलं की आधी किल्ला दिसेनासा होतो, मग समोरचा कडुनिंब, आणि शेवटी आपलाच हात आपल्याला ओळख देत नाही. छावणीतली म्हातारी माणसं त्याला धुकं म्हणतात, पोरं कोहरा म्हणतात; खोकतात मात्र सगळे एकाच भाषेत.

त्या धुक्यात उमाजी इंगळे परसात आले. कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, एका हातात राखेचं घमेलं, दुसऱ्यात खराटा. खुराड्याच्या दाराला लावलेला दगड त्यांनी पायानं सरकवला, मागं सरले, टाचा जुळवल्या आणि पुकारलं,

"रिसालदार!"

आतून कोंबडा बाहेर आला. तांबडा, उंच, शेपटीत हिरव्या-काळ्या पिसांचा तुरा. उमाजींनी त्याला सलाम ठोकला. हे रोजचंच. उमाजी स्वतः दफेदार म्हणून घरी बसलेले, कोंबडा हुद्द्यानं वरचढ. तेव्हा सलाम त्यांनीच करायचा. मग "बिजली! लैला! मोतिया!" असा एकेकीचा पुकारा व्हायचा आणि कोंबड्या आपापल्या मर्जीनं बाहेर पडायच्या. जिचं नाव घेतलं तीच बाहेर आली असं कधी झालं नाही, पण हजेरी पुरी भरायची.

त्या दिवशी रिसालदारानं नेहमीसारखे पंख झटकले, बांग द्यायला मान ताणली, चोच उघडली, आणि बांगेच्या जागी शिंक आली.

उमाजींचा सलाम कपाळावरच राहिला.

उमाजी संस्थानच्या रिसाल्यात होते. लढाई त्यांनी पाहिली ती दुसऱ्यांच्या तोंडून. त्यांची नेमणूक आजारी घोड्यांच्या पागेवर. घोड्याचं नाक वाहिलं, डोळा आला, पोट फुगलं, की घोडं उमाजींच्या हवाली. घोड्याच्या कानात ते काय बोलत ते घोड्यालाच ठाऊक, पण घोडं उभं राही. पुढं संस्थान मध्यभारतात विलीन झालं, रिसाला मोडला, घोडी कुठं कुठं गेली आणि माणसं आपापल्या घरी आली. उमाजी आले ते एक तोबरा, एक खरारा आणि बिजली नावाच्या घोडीची लोकरीची झूल काखेत मारून. "बाई माहेराहून येताना बोचकं आणते तसे आले," असं त्यांची बायको, विजयाबाई, सांगत.

कितीतरी दिवस ते पहाटे उठून, हातात खरारा घेऊन ओसरीवर बसत. खरारा कुणाला करायचा? शेवटी विजयाबाईंनी बाजारातून दोन कोंबड्या आणल्या आणि त्यांच्या पुढ्यात सोडल्या. "घ्या," म्हणाल्या, "यांना नाल ठोका. पण माझ्या डोळ्यांसमोर असे बसू नका."

नाल ठोकले नाहीत एवढंच. बाकी सगळं घोड्यांचं केलं. कोंबड्यांना घोडींची नावं दिली, दाणा तोबऱ्यातून काढून टाकू लागले, विटांचं गुडघ्याएवढं खुराडं बांधलं त्याला पागा म्हणू लागले. दोनाच्या अकरा झाल्या. कोंबडा आला. घर पुन्हा वेळेवर उठू लागलं.

आता ही शिंक आणखी कुठल्या वेळी आली असती तर उमाजींनी हळदीचं बोट लावून सोडून दिलं असतं. पण ती आली नेमकी शब्द दिल्यावर.

शब्दाची गोष्ट अशी. त्यांचा एकुलता मुलगा कान्होजी मोतीमहालातल्या सरकारी कचेरीत कारकून होता. नोव्हेंबरात मध्यभारत गेलं, मध्यप्रदेश आलं आणि राजधानी भोपाळला गेली. फायली बांधून मालमोटारींत चढल्या, आणि फायलींच्या मागून माणसं. कान्होजीलाही हुकूम आला. तो एका संध्याकाळी बापासमोर येऊन बसला.

"आबा, संक्रांत झाली की निघू. क्वार्टर मिळून गेलंय. घरात नळ आहे."

"नळाला काय करू? कोंबड्या?"

"टोपलीत घालून नेऊ ना."

"तिथं पाळू देतात?"

कान्होजी कारकून असूनही खरं बोलणारा पोरगा. थोडा घुटमळला आणि म्हणाला, "नाही देत."

"मग झालं तर."

"झालं काय? कोंबड्यांसाठी तुम्ही इथं एकटे पडून राहणार?"

"एकटा कसा? अख्खा रिसाला आहे."

"आबा, लोक मला हसतील. म्हणतील, बापाला मुर्ग्यांच्या भरवशावर सोडून आला."

"मग सांग त्यांना, एकदा रिसाला मोडलेला पाहिलाय माझ्या बापानं. दुसऱ्यांदा आपल्या हातानं नाही मोडणार."

चुलीशी बसलेल्या विजयाबाई सगळं ऐकत होत्या. त्यांना चैत्रात सुनेच्या बाळंतपणाला भोपाळला जायचंच होतं, नि परतही यायचं होतं. त्यांचं गाडं दोन्हीकडून सुरळीत. त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "कान्हू, यांच्याशी डोकं नको लावू. कोंबड्या आहेत तोवर राहू देत. नसल्या की मुकाट्यानं येतील. काय हो दफेदार?"

"येईन. शब्द दिला."

छावणीत झेंडा बदलला होता, नाणी बदलायची बोलणी चालली होती, पण शब्द जुनाच चालत होता. उमाजींनी स्वतःवरच आणखी एक कलम लावून घेतलं: बाजारातून नवी कोंबडी आणून आकडा भरायचा नाही. "भरती बंद," म्हणाले. "आहे त्या पलटणीवर लढायचं."

आणि पलटण शिंकू लागली.

रिसालदारापाठोपाठ लैला. मग मोतिया, ती सगळ्यांत म्हातारी, तिच्या डोळ्यांत साबणाच्या पाण्यासारखा फेस. मग बिजलीचा चेहरा एका बाजूनं सुजला, दाढ दुखणाऱ्या सासूसारखा. पापण्या चिकटायच्या, नाकपुड्यांशी घट्ट घाण साचायची, अंगाला आंबूस वास. दिवसा उन्हात बऱ्या, संध्याकाळी खुराड्यात गेल्या की छातीत घरघर सुरू. उमाजी ओसरीत पडल्या पडल्या ती घरघर ऐकत आणि कूस बदलत.

पलीकडच्या भिंतीआड नाना राहत. संस्थानच्या दफ्तरात आयुष्य घालवलेले, मराठी ब्राह्मण, सोवळ्याचे कडक. अंड्याचं नावही "ते तुमचं पांढरं" असं घेत. पण नानांची अडचण सोवळ्याची नव्हती. नाना शकुन पाळत. घराबाहेर पाऊल टाकताना कुणी शिंकलं की मागं फिरायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं. नानांचे वडील असंच करत, आजोबा असंच करत, आणि दरबारात तिघंही उशिराच पोचत.

आता नाना पगडी घालून उंबऱ्यावर आले की भिंतीपलीकडून "फिच्च!" नाना मागं. पाणी. पुन्हा उंबरा. "फिच्च!" पुन्हा पाणी. एक दिवस इंदरगंजातल्या कचेरीत त्यांचं काम होतं. दुपार झाली तरी नाना घरातच, आणि पोटात तांब्याभर पाणी डचमळतंय.

शेवटी ते भिंतीवरून डोकावले. "उमाजीराव, हे काय चाललंय?"

"नाना, कोंबडीची शिंक धरतात होय?"

"शास्त्रात शिंक म्हटलंय. कुणाची ते म्हटलेलं नाही."

"मग मागच्या दारानं जा ना!"

"मागचं दार तुमच्याच परसात उघडतं!" नाना कळवळले. "आणि आता पाणी प्यायल्यामुळं मला वेगळ्याच कारणानं बाहेर जायला लागतंय, तिथंही ही मंडळी शिंकतात!"

विजयाबाई पदर तोंडात कोंबून आत पळाल्या.

उमाजींना हसू आलं नाही. त्यांनी पागेतलं सगळं शास्त्र बाहेर काढलं. घोड्याला सर्दी झाली की तोबऱ्यात गरम कोंडा भरायचा, त्यावर निलगिरीचं तेल शिंपडायचं आणि तोबरा घोड्याच्या तोंडाला बांधायचा. वाफ नाकात जाते, नाक मोकळं होतं. आता घोड्याचं तोंड तोबऱ्यात मावतं. कोंबडी मावते ती सबंध.

त्यांनी कोंडा शिजवला, निलगिरी टाकली, तोबरा कोमट होऊ दिला आणि लैलाला उचलून आत बसवलं. वर फक्त डोकं. तोबरा कडुनिंबाच्या खुंटीला टांगला. लैलानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, अंग फुगवलं आणि डोळे मिटले.

"बघ," उमाजी म्हणाले, "आराम पडला."

"आराम तर पडणारच," विजयाबाई म्हणाल्या. "मला एवढ्या वर्षांत कुणी असं शेकत बसवलं नाही."

घटका गेली. लैलाला बाहेर काढायला उमाजींनी हात घातला तर तिनं चोच मारली. पुन्हा घातला, पुन्हा मारली. शेवटी तोबरा उलटा केला तेव्हा लैला पडली, कोंडा पडला आणि कोंड्यातून एक अंडं घरंगळत विजयाबाईंच्या पायाशी आलं.

"झाला की हो गुण," विजयाबाई अंडं पदरात घेत म्हणाल्या. "फक्त नाकाऐवजी दुसऱ्या दारानं आला."

नाक होतं तसंच वाहत राहिलं. आणि दोन दिवसांनी मोतिया हजेरीला आलीच नाही. उमाजींनी नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, मग वाकून हात घातला. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून थंड पडली होती. पागेत घोडं मेलं की उमाजी टोपी काढत. त्यांनी कानटोपी काढली. परसाच्या टोकाला खोल खड्डा करून, वर चुना घालून तिला पुरलं. त्या दिवशी ते जेवले, पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं.

संध्याकाळी कान्होजी येऊन बापाजवळ टेकला. म्हणाला, "आबा, उद्या दवाखान्यात दाखवू या का?"

उमाजींनी त्याच्याकडे पाहिलं. या पोराला कोंबड्या मेल्या तर फायदाच होता. "तुला काय पडलंय?"

"तुम्हाला हरवून न्यायचं असतं तर केव्हाच नेलं असतं," कान्होजी म्हणाला. "असं रडवून नाही न्यायचं मला."

दुसऱ्या दिवशी उमाजी बिजलीला शालीत गुंडाळून टांग्यानं जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथं डॉक्टर दौलतसिंह म्हणून भिंडकडचा तरुण ठाकूर होता. एवढ्या म्हशींच्या रांगेत शालीतली कोंबडी पाहून तो हसला नाही, हे उमाजींना आवडलं. त्यानं बिजलीची पापणी उघडली, नाकपुडी दाबून वास घेतला, छातीला कान लावला.

"दड़बा कैसा है, बाबा?" त्यानं खुराड्याची चौकशी केली.

उमाजींची छाती फुगली. "एकदम पक्का. दसऱ्यालाच सगळ्या फटी शेणामातीनं बंद केल्या. ऊपर से घोड़े की झूल, चारों तरफ़ से दगड़ दबा के. शाम को नीम की धुरी. सुईएवढीसुद्धा हवा नहीं जाती."

"और बीट कब निकालते हो?"

"विष्ठा ना? आठवड्यातनं एकदा, इतवारी. थंडीत खाली ऊब राहते ना."

डॉक्टरानं हात धुतले. "दवा देता हूँ, पानी में डालो. दूसरा पानी मत रखना. आँख-नाक गुनगुने नमक के पानी से, रुई से, दिन में दो-तीन बार. जो बीमार हैं, अलग. और बाबा, हवा. ऊपर से, उनके सर के ऊपर से हवा निकलने दो."

"इस ठंड में?" उमाजी ताठ झाले. "डॉक्टरसाहब, मी आयुष्यभर जनावर सांभाळलंय. थंडीत घोड्याला झूल घालतात."

"ज़रूर डालते हैं," डॉक्टर पुडी बांधत म्हणाला. "पर घोड़े का मुँह झूल के अंदर रहता है कि बाहर?"

उमाजी पुडी घेऊन निघाले. घरी आल्यावर विजयाबाईंनी विचारलं, "काय म्हणाला?"

"पोरगा आहे. शिकलेला आहे. बोलतो जास्त."

औषध त्यांनी इमानेइतबारे दिलं. आजारी कोंबड्या वेगळ्या, ओसरीत डालग्याखाली. डोळे धुवायचं काम दोघांचं: विजयाबाई कोंबडीला मांडीत दाबून धरत, उमाजी कापसानं चिकटलेली पापणी भिजवून हलकेच सोडवत, नाकपुडीशी साचलेलं काढत. "तुमच्या आईनं तुमचं नाक पुसलं नसेल एवढं तुम्ही हिचं पुसता," विजयाबाई म्हणत. सगळं केलं. फक्त झूल हलवली नाही. झूल बिजलीची होती, घोडी बिजलीची. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं तिचा नंबर विणलेला होता. शेवटच्या दिवशी ती त्यांच्या खांद्यावर तोंड घासून कुणा परक्याबरोबर गेली होती, तिची ऊब त्या लोकरीत उरली होती. ती ऊब वाईट कशी असेल?

ओसरीतल्या कोंबड्या सुधारू लागल्या. खुराड्यात राहिलेल्या मात्र आता शिंकायला लागल्या. रिसालदार ओसरीतून बरा होऊन खुराड्यात परतला, आणि एका रात्रीत पुन्हा डोळे मिटून बाहेर आला.

उमाजी घमेलं धरून तसेच उभे राहिले. आणि त्यांना पागेतली सकाळ आठवली.

पागेत एक रिवाज होता. लीद उचलायच्या आधी, दारं उघडायच्या आधी, म्हातारा रिसालदार, खराखुरा माणसातला, येई. एकच दार फटीएवढं उघडे, डोकं आत घाली आणि श्वास घेई. कोंडलेल्या लिदीच्या वासानं डोळ्यांना झोंबलं तर बाहेर येऊन फक्त एवढंच म्हणे, "दफेदार, आज आप अंदर सोएँगे." आणि त्या रात्री दफेदार घोड्यांबरोबर आत झोपे. उमाजी दोनदा झोपले होते. तिसऱ्यांदा झोपायची पाळी येऊ दिली नव्हती.

पण इथं? इथं खुराडं गुडघ्याएवढं. दगड पायानं सरकवायचा, मागं सरून सलाम करायचा. डोकं आत कोण घालणार? आणि नाकाचं म्हणाल तर उमाजींना तपकिरीचं व्यसन. त्यांचं नाक रिसाल्याबरोबरच निवृत्त झालेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते धुक्यात परसात आले. पुकारा केला नाही. हळूच दगड सरकवला, कानटोपी काढली, पोटावर आडवे झाले आणि डोकं खुराड्यात घातलं. खांदे अडकले. तरी मान पुढं दामटली आणि पागेतल्या म्हाताऱ्यासारखा छाती भरून श्वास घेतला.

पुढं जे झालं ते विजयाबाईंनी छावणीभर सांगितलं, म्हणून आम्हाला ठाऊक. त्या चूल पेटवायला गोवऱ्या घ्यायला आल्या तर खुराड्यातून नवऱ्याचे दोन पाय बाहेर, आणि आतून शिंकांचा आवाज. एक कोंबडीची. एक माणसाची. मग दोन माणसाच्या. मग खोकला, मग "अगं ओढ! ओढ ना!"

त्यांनी पाय धरून ओढलं. उमाजी बाहेर आले ते लाल डोळे, गालांवरून पाणी, नाक वाहतंय, केसांत भुसा, आणि टाळूवर लैलाची एक ठेव. विजयाबाईंनी आत हाक मारली, "कान्हू, बाहेर ये! तुझ्या आबांनाही लागण झाली. डालगं आण मोठं!"

भिंतीवरून नाना डोकावले. पगडी डोक्यावर, निघता निघता मागं फिरलेले. "आता कोण शिंकलं?"

"दफेदार!"

"अरे देवा," नाना म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

कान्होजी धावत आला. उमाजी जमिनीवर बसले होते, सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत. वर पाहून म्हणाले, "मीच मारलं रे मोतियाला. एक श्वास घेतला तर मला गुदमरलं. त्या सगळ्या रात्र-रात्र तिथंच होत्या."

विजयाबाईंनी पदरानं त्यांच्या टाळूवरची ठेव पुसली. मग म्हणाल्या, "तर आज रात्री आत झोपणार का, रिवाजाप्रमाणं?"

उमाजींना हसू फुटलं. हसता हसता पुन्हा शिंक आली.

त्याच सकाळी झूल निघाली. बापलेकांनी मिळून पत्र्याखालच्या विटांची वरची रांग एक सोडून एक काढली, म्हणजे हवा कोंबड्यांच्या डोक्यावरून जाईल, अंगावर येणार नाही. भोकांना जुन्या चाळणीची जाळी लावली, मांजराची भीती. खालचा सगळा ओला थर खरवडून काढला. तो निघता निघता कान्होजीला दोनदा बाहेर पळावं लागलं. कोरडा भुसा आणि राख पसरली. कडुनिंबाची धुरी बंद. रोजच्या रोज विष्ठा बाहेर. आणि रोज पहाटे, पुकाऱ्याच्या आधी, दफेदार पोटावर आडवे होऊन डोकं आत घालू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटे, म्हातारा कोंबड्यांना साष्टांग नमस्कार घालतोय.

भोकं पाडल्यावरच्या पहिल्या कडक रात्री उमाजींचा जीव वरखाली झाला. पण कोंबड्या एकमेकींना चिकटून, पिसं फुगवून बसल्या आणि सकाळी सगळ्या जिवंत निघाल्या. घरघर कमी झाली. रिसालदाराच्या डोळ्यातला फेस आटला. बिजलीची सूज उतरली, तशी ती पुन्हा सुनेसारखी दिसू लागली. कशानं गुण आला यावर छावणीत दोन पक्ष पडले. एक म्हणे पुडीनं, दुसरा म्हणे हवेनं. नाना म्हणत, आपण रोज केलेल्या जपानं. डॉक्टर दौलतसिंहाला विचारलं तर तो म्हणाला, "आग दवा ने बुझाई, पर लकड़ी तो आप ही डाल रहे थे." आणि वर बजावलं की बऱ्या झालेल्या कोंबड्यांत नव्या आणून मिसळू नका, आणि अंडी उबवायला बसवायची तर होळीपर्यंत थांबा.

संक्रांत झाली. कान्होजीच्या निघण्याचा दिवस आला. टांगा दाराशी लागला. तिळगूळ बांधला, वळकटी बांधली, बरोबर निघालेल्या सुनेच्या हाताशी पाण्याचा तांब्या दिला. आणि मग सगळेच एकदम थबकले. कारण आता पोरगा उंबरा ओलांडणार होता, आणि परसात दहा कोंबड्या होत्या.

भिंतीपलीकडून नानाही येऊन उभे राहिले, श्वास रोखून. विजयाबाईंनी देवाकडे हात जोडले. उमाजी परसाच्या दारात उभे राहून रिसाल्याकडे डोळे वटारत होते, परेडीत उभ्या घोड्यांकडे बघावं तसे. कुणी जाहीर बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. एक जरी शिंकली तरी कान्होजी म्हणणार, बघा, अजून आजारी आहेत. कशावर सोडून जाऊ तुम्हाला?

कान्होजीनं पाऊल उचललं. रिसालदारानं मान ताणली.

"नको रे," उमाजी पुटपुटले.

रिसालदारानं चोच उघडली आणि बांग दिली. लांबलचक, खणखणीत, किल्ल्यापर्यंत पोचेल अशी. कान्होजीनं उंबरा ओलांडला.

बाहेर टांग्याशी तो वळला. "आबा, हरलो मी."

"थांब." उमाजी आत गेले आणि काखेत काहीतरी घेऊन आले. ती झूल होती. विजयाबाईंनी सोड्यात उकळून, तीन उन्हं दाखवून ठेवलेली. लाल दोऱ्याचा नंबर वर दिसेल अशी घडी घातलेली. "भोपाळला तलावाची हवा असते म्हणतात. पोराला घाल, तुझं होईल ते. तोंड मात्र बाहेर ठेव त्याचं."

कान्होजीला या झुलीची किंमत ठाऊक होती. लहानपणी तिच्यावर पाय ठेवला म्हणून त्यानं एक थप्पड खाल्ली होती. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली, तोंड तिच्यात लपवलं. जरा जास्तच वेळ लपवलं. आणि मग,

"आक्छी!"

सगळे जागच्या जागी गोठले. विजयाबाईंनी कपाळावर हात मारला. टांगेवाल्यानं लगाम खाली टाकला. सगळ्यांचे डोळे नानांकडे वळले.

नानांनी पगडी सारखी केली. आयुष्यभराचं शास्त्र त्यांच्या चेहऱ्यावर एकदा वर आलं आणि खाली गेलं. "घोड्याच्या केसानं आलेली शिंक," ते म्हणाले, "ती सरकारी कामातली. ती धरत नाहीत. निघा."

"नक्की, नाना?"

"निघ रे बाबा! मला आता पाणी जात नाही!"

टांगा निघाला. धुक्यात आधी चाकं गेली, मग घोडं, मग कान्होजीचा हललेला हात. टापांचा आवाज मात्र शिंदे की छावनीच्या वळणापर्यंत येत राहिला. उमाजी तो कान देऊन ऐकत होते.

"मागचा उजवा नाल ढिला आहे त्याचा," म्हणाले.

"पोराचा?" विजयाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"घोड्याचा गं. टांगेवाल्याला सांगायला पाहिजे होतं."

"चैत्रात मी जाईन तेव्हा सांगेन. त्याच टांग्यात बसेन. आता आत चला, थंडी लागेल. की तुम्हालाही भोकं पाडू वरून?"

उमाजी आत गेले नाहीत. परसात लैला टांगलेल्या तोबऱ्याखाली उभी राहून वर बघत होती, बस कधी सुटते ते पाहणाऱ्या बाईसारखी. "होळीला बसवतो अंड्यांवर," उमाजी तिला म्हणाले. "तोवर थांब." मग त्यांनी घमेलं उचललं, खुराड्यातला कालचा भुसा खराट्यानं ओढून काढला, आणि मुठीनं राख पसरू लागले.